गेटच्या आत, संघटनेच्या बाहेर

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव औद्योगिक पट्ट्यातील कामगार संघटनांचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि कमिटीतले सर्व सहकारी,
यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र कामगारमंत्र्यांना लिहिता आलं असतं, कामगार आयुक्तांनाही लिहिता आलं असतं. तसे अर्ज मी पुष्कळ लिहितो, तो माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. हे मात्र तुम्हाला लिहितोय. यात जे मागतोय त्यासाठी शासन निर्णय लागत नाही आणि कोर्टाचा आदेशही लागत नाही. तुमच्या कमिटीची एक बैठक आणि एक ठराव पुरेसा आहे.

मागणी सरळ आहे. तुमच्या कंपनीच्या गेटमधून आत जाऊन जो माणूस मशीनवर उभा राहतो, त्याला संघटनेचा सभासद करून घ्या. मग तो कंत्राटी असो, फिक्स टर्म म्हणजे ठरावीक मुदतीवर घेतलेला असो की ट्रेनी, लातूरकडच्या औशाचा असो की बिहारमधल्या दरभंग्याचा. त्याची वर्गणी घ्या, त्याच्या हातात पावती द्या आणि पुढच्या कराराच्या मागणीपत्रात त्याच्यासाठी काही मागा.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला. आयटीआय फिटर करून चाकणला आलो, ठेकेदारांच्या हाताखाली काही वर्षं काढली. आता याच भागात एका लहानशा गाळ्यात बसून कामगारांचे पीएफ आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, अर्ज भरून देतो. तुमच्यातले काही जण मला ओळखतात. तुमच्या सभासदांची कामंही माझ्याकडे येतात. कुणाला घरासाठी पीएफमधून पैसे काढायचे असतात, कुणाला मुलीच्या लग्नासाठी. ती कामं चहा संपायच्या आत होतात. पासबुकात एकाच कंपनीचं नाव असतं आणि दर महिन्याला भरणा असतो, अडण्यासारखं काही नसतंच.

कंत्राटी पोराचं पासबुक उघडलं की अर्धा दिवस जातो. त्यानं काम एकाच कंपनीत, एकाच लाइनवर केलेलं असतं, पण कागदावर तीन ठेकेदार असतात. प्रत्येकानं आपापला नवा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, काढलेला. एका ठिकाणी वडिलांचं नाव चुकलेलं, दुसरीकडे जन्मतारीख वेगळी. कुठे नोकरी सोडल्याची तारीख नवीन ठिकाणी रुजू झाल्याच्या तारखेच्या पुढची, त्यामुळे दोन्ही खाती जोडली जात नाहीत. काही दुरुस्त्यांना अजूनही ठेकेदाराची मंजुरी लागते. त्याचा फोन लागत नाही आणि ज्या पत्त्यावर त्याचं ऑफिस होतं तिथं आता दुसरंच काही असतं. मालकाचा बारा टक्क्यांचा हिस्साही कामगाराच्याच ठरलेल्या पगारातून वजा करणारे ठेकेदार मी पाहिले आहेत. पोराला ते कळत नाही, कारण पगाराची स्लिप त्याला कधी दिलेलीच नसते. खात्यावर जे आलं तो पगार, एवढंच त्याला ठाऊक.

आणि 'ब्रेक'. हा शब्द तुम्हाला मी समजावून सांगायला नको. आपल्या महाराष्ट्रातल्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नमुना नियमावलीत, ४ सी नावाचं कलम होतं, आणि तुमच्यातल्या अनेकांची नोकरी त्याच कलमावर पक्की झाली. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम करायचं. ते २४० दिवस भरू नयेत म्हणून सातव्या महिन्यात पोराला घरी बसवायचं. महिनाभरानं दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर त्याच मशीनवर परत उभं करायचं. मशीन त्याला ओळखतं, सुपरवायझर त्याला ओळखतो, फक्त हजेरीपत्रकात तो दर वेळी नवा असतो. वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरता ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही १९७१ च्या आपल्या कायद्यात, चौथ्या परिशिष्टाच्या सहाव्या बाबीत, 'अनुचित कामगार प्रथा' म्हणून लिहून ठेवलेली आहे. संघटनेच्या शिबिरात हे तुम्हीच पोरांना शिकवत होता.

ईएसआयचं सांगतो, कारण तिथं बोटं जातात. माणूस कामावर घेतल्यापासून दहा दिवसांत त्याची नोंदणी व्हायला हवी. मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेला कामगार त्यात येतोच. कामावर अपघात झाला तर आधी किती महिने वर्गणी भरली हा प्रश्न येत नाही. पहिल्या दिवसापासून पगाराच्या नव्वद टक्के भरपाई मिळते आणि बोट गेलं तर पुढे पेन्शनही. इतका चांगला कायदा आपल्याकडे आहे. मग होतं काय? 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत जायबंदी झालेल्या कामगारांच्या नोंदी गेली काही वर्षं ठेवते आहे. जखमी होणाऱ्यांत बहुसंख्य स्थलांतरित आणि कंत्राटी, बहुतेक अपघात पॉवर प्रेसवरचे, आणि पुष्कळांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यानंतर मिळालं, असं त्यांच्या अहवालांत वर्षामागून वर्षं येतंय. माझ्या टेबलावर वेगळं काही दिसत नाही. झारखंडच्या एका पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्याच्या नोंदणीच्या कागदावर तारीख अपघाताच्या दिवसाचीच होती. प्रेसचा सेन्सर बिघडलेला आहे हे लाइनवर सगळ्यांना माहीत होतं. त्या कंपनीत संघटना होती, आणि मुद्दाम सांगतो, कमिटीच्या दोघांनी त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, रात्रभर थांबले, घरी फोन लावून दिला. माणूस म्हणून त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. संघटना म्हणून मात्र त्यांना काही करता आलं नाही, कारण तो त्यांचा सभासद नव्हता. बिघडलेल्या सेन्सरची तक्रार त्यानं कुणाकडे करायची होती, या प्रश्नाला त्या कंपनीत उत्तर नव्हतं.

आता करारांबद्दल. दर तीन वर्षांनी तुमचा वेतनवाढ करार होतो. फेटे बांधतात, गुलाल उडतो, 'ऐतिहासिक करार' म्हणून बातमी येते. मला त्या पैशाचा हेवा नाही. तो तुम्ही लढून मिळवलेला आहे, घरभाडं आणि शाळेच्या फीच्या मानानं तो जास्तही नाही. पण त्या बातमीतला आकडा नीट वाचा. करार शंभर-दोनशे माणसांचा असतो आणि त्याच कंपनीत त्याहून कितीतरी जास्त माणसं पॅकिंग, प्रेस, वेल्डिंग आणि असेंब्लीवर कंत्राटी असतात. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीप्रमाणे देशभरच्या कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण शतक बदललं तेव्हा वीस टक्क्यांच्या आसपास होतं, आता ते चाळीसच्या पुढे गेलंय. वाहन उद्योगाच्या आपल्या पट्ट्यात काय आहे ते तुम्ही रोज शिफ्ट सुटताना गेटवर पाहता. निवृत्त झालेल्या कायम कामगाराच्या जागी कायम माणूस येत नाही. तुमची सभासद यादी वर्षागणिक आखूड होते आणि उत्पादन वाढतच असतं, म्हणजे ते कुणीतरी काढत असणारच.

तो कोण आहे, हे बोलायला हवं, कारण आपल्या पट्ट्यात याच ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. 'परप्रांतीयांनी कामं खाल्ली' असं गावात बोललं जातं, नाक्यावर बोललं जातं, आणि निवडणूक आली की व्यासपीठावरूनही. कंत्राटी कामगार म्हटलं की डोळ्यांपुढे बिहार आणि उत्तर प्रदेश येतो. माझ्याकडे येणाऱ्यांत लातूर, नांदेड, परभणी, बीड, बुलढाणा, यवतमाळची पोरंही कमी नसतात. खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, कुठेही जा. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत एका खोलीत मराठवाड्याची चार पोरं असतात, शेजारी ओडिशाची पाच आणि पलीकडे आसामची. भाडं सगळ्यांना सारखं, पाण्याची वेळ सारखी आणि ठेकेदारही बहुधा एकच. स्थानिकांना ऐंशी टक्के नोकऱ्या हे आपल्या सरकारचं धोरण जुनं आहे. पण कंत्राटी जागेवर ऐंशी टक्के स्थानिक घेतले तर स्थानिकाच्या वाट्याला काय येणार? तोच ब्रेक, तोच स्लिप नसलेला पगार. नोकरी कुणाला मिळते यावर आपण आपसात भांडत राहिलो, आणि नोकरीच तेवढ्या वेळात पोकळ करून टाकली गेली.

तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरणीत होते. रत्नागिरीहून, साताऱ्याहून गेलेले, खानावळीत जेवणारे, चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना गिरणीत लावायचा तो मुकादम. बदली कामगार म्हणून सकाळी गेटवर उभं राहायचं आणि नाव पुकारलं तर आत जायचं, नाही तर परत. ते स्थलांतरितच होते. मुंबईतली कामगार चळवळ त्यांनी उभी केली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्या संपाच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती.

त्याच्याही शंभर वर्षं मागे जाऊ. नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव आपण दर कामगार दिनाला घेतो. १८८४ साली परळला गिरणी कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं. मागण्या होत्या त्या अशा: आठवड्यात रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. आता यातली एकेक मागणी घ्या आणि तुमच्याच कंपनीतल्या कंत्राटी पोराला विचारा. रविवार त्याला आहे का? जेवणाची सुट्टी पुरी मिळते का? पगार कोणत्या तारखेला होतो? बोट गेलं तर घरी बसून पगार येतो का? निवेदनावर सह्या करणाऱ्यांनी आपल्यापैकी कायम कोण आणि बदली कोण, हे आधी निवडून काढलं नव्हतं.

तासांचा विषय तर आता सगळ्यांच्याच दाराशी आला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. कामगाराची लेखी संमती घ्यावी लागेल, असं सांगितलं गेलं. संमतीच्या कागदावर सही करायला नकार देऊन दुसऱ्या दिवशी गेटवर पास चालेल अशी खात्री ज्याला आहे, त्याच्याच संमतीला अर्थ आहे. ती खात्री तुमच्या सभासदाला आहे. ज्याचा पुढच्या महिन्यात ब्रेक ठरलाय तो कुठलाही कागद पुढे आला तरी सही करणार. आणि लाइनवरच्या निम्म्याहून जास्त माणसांनी बारा तासांवर सही केली की उरलेल्यांचे आठ तास किती दिवस टिकतील, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करू शकता.

तुम्ही म्हणाल, कायदाच आडवा येतो. खरं आहे, काही अंशी. २००१ साली सुप्रीम कोर्टानं कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन प्रकरणांत सांगितलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर कंत्राटी कामगारांना अनुचित प्रथांच्या कायद्याखाली थेट तक्रार करता येणार नाही. आधी ते नातं दुसऱ्या न्यायाधिकरणापुढे सिद्ध करून या. त्याच वर्षी स्टील अथॉरिटीच्या निकालानं कंत्राट पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कायम होणार नाहीत, असं ठरवलं. या निकालांनी आमचं कंबरडं मोडलं, यात शंका नाही. पण त्यांतल्या कुठल्याही ओळीत कंत्राटी कामगारानं संघटनेचं सभासद होऊ नये असं लिहिलेलं नाही. ट्रेड युनियनच्या १९२६ च्या कायद्यात तसं कधीच नव्हतं. तुमच्या संघटनेची घटना काढून पाहा. सभासद कुणाला होता येईल, या कलमात बहुतेक ठिकाणी 'कंपनीत काम करणारा कामगार' एवढंच असेल. आणि जिथं 'कायम' हा शब्द घातलेला असेल, तो तुमच्याच सभेनं घातलेला आहे आणि तुमच्याच सभेला काढता येईल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांच्याविरुद्धच्या आंदोलनांत तुम्ही होता, मीही होतो. त्यातलं एक कलम मात्र तुम्ही शांतपणे वाचावं. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वाटाघाटी करणारी एकमेव संघटना म्हणून मान्यता हवी असेल तर मस्टरवरच्या, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावरच्या, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. फिक्स टर्मवर घेतलेला कामगार ठेकेदाराच्या मार्फत येत नाही, तो थेट कंपनीच्या मस्टरवर असतो. कंपन्या फिक्स टर्मची भरती वाढवत गेल्या आणि त्या पोरांपैकी एकानंही तुमची पावती घेतलेली नसली, तर उद्या ५१ टक्के कुठून आणणार? त्यांना जवळ घेणं हे आता उपकाराचं काम राहिलेलं नाही.

दुसरी अडचण तुम्ही उघड बोलत नाही, पण ती मी ऐकलेली आहे. कंत्राटींना घेतलं की कंपनी चिडेल, आपलाच करार अडकेल. ही भीती मी हलक्यात घेत नाही. हरियाणातल्या मानेसरचं मारुतीचं प्रकरण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण आपण ते १८ जुलै २०१२ पासून सांगायला लागतो. त्या दिवशी हिंसाचार झाला, अवनीश कुमार देव हे अधिकारी जीव गमावून बसले, शेकडो कायम कामगार काढले गेले, १४८ जण तुरुंगात गेले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयानं त्यांतल्या ११७ जणांना निर्दोष सोडलं, ३१ जणांना दोषी ठरवलं आणि १३ जणांना जन्मठेप झाली. एका माणसाचा जीव गेला याचं समर्थन कोणत्याही मागणीनं होत नाही. पण गोष्ट एक वर्ष आधीपासून सांगायला हवी. ऑक्टोबर २०११ मध्ये मानेसरचे कायम कामगार कारखान्याच्या आत बसून राहिले होते. आदल्या वादानंतर कायम कामगारांना परत घेतलं, पण हजारावर कंत्राटी कामगारांना गेटवरच अडवलं, म्हणून ते बसले. 'आम्ही आत आलो, ते बाहेर का?' एवढ्यासाठी. त्यांची लाइन वेगळी नव्हती, चहाची काही मिनिटांची सुट्टी वेगळी नव्हती, फक्त पगार वेगळा होता. ज्या दिवसांत ते दोघं एकत्र होते, त्या दिवसांत तिथं काही मिळालं. कंत्राटी कामगार परत घेतले गेले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नव्या संघटनेची नोंदणी झाली. माझ्या मते मानेसरपासून शिकायचं ते इथं आहे.

चीनमधली एक गोष्टही सांगतो, कारण ती थेट संघटनांविषयी आहे. मे २०१० मध्ये ग्वांगदोंग प्रांतात फोशान शहराच्या नानहाई भागात होंडाच्या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला. कामगार बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेले तरुण, आणि त्यांत तांत्रिक शाळांतून 'शिकाऊ' म्हणून आणलेल्या पोरांचा मोठा भरणा. आपल्याकडचे 'नीम' या प्रशिक्षण योजनेतून आणलेले ट्रेनी आठवा. त्या एका कारखान्यानं होंडाचं चीनमधलं गाड्यांचं उत्पादन थांबवलं. तिथली अधिकृत संघटना या पोरांच्या बाजूनं उभी राहिली नाही. उलट पिवळ्या टोप्या घातलेली संघटनेची माणसं कामगारांना कामावर लोटायला आली आणि मारामारी झाली. देशभर बोभाटा झाल्यावर संघटनेला जाहीर पत्र काढून माफी मागावी लागली. पोरं हटली नाहीत. शेवटी कायम कामगारांबरोबर शिकाऊंचाही पगार वाढला. मला तुमच्याविषयी असं काही सुचवायचं नाही. आपल्या पट्ट्यात संघटनेनं कंत्राटी पोरांवर हात टाकल्याचं मी पाहिलेलं नाही. पण नानहाईच्या कामगारांनी संघटनेला दारात थांबवून जो प्रश्न विचारला, तो इथंही लोक विचारायला लागले आहेत: तुम्ही नेमके कुणाचे?

असंघटित, रोज वेगळ्या मालकाकडे राबणाऱ्या माणसाला कायद्याचं छत्र देता येतं, हे महाराष्ट्रानं स्वतः करून दाखवलंय. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाची नोंद मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, मालकाकडून लेव्ही, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा. मधला मुकादम बाजूला. पुढे १९८१ मध्ये सुरक्षारक्षकांसाठीही तसं मंडळ झालं. माथाडीचं नाव घेऊन चाकणमध्ये काही टोळ्यांनी कंपन्यांकडून खंडणी उकळली, आणि त्यानं या सुंदर कायद्याचं नाव खराब झालं, याचं मला फार वाईट वाटतं. खंडणीखोरांना तुरुंगात घाला. पण कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची नोंद ठेकेदाराच्या वहीतून काढून मंडळाकडे नेता येईल का, याचा विचार आपल्या राज्यात कुणी मांडायचा तर तो तुम्ही मांडायचा. विधानसभेत पाठवायच्या निवेदनाचा मसुदा करायला मी रात्री जागायला तयार आहे.

मंडळ वगैरे पुढची गोष्ट झाली. लगेच काय करता येईल ते सांगतो. पुढच्या करारात कंत्राटींसाठी कायम कामगारांइतका पगार मागा, असं मी म्हणत नाही. मागितलात तर आनंदच आहे, आणि समान कामाला समान वेतन हे सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या जगजितसिंग प्रकरणात तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत स्पष्ट मान्य केलेलं आहे. पण सुरुवातीला एवढं तरी मागा की प्रत्येक ठेकेदाराचं पीएफ आणि ईएसआयचं चलन दर महिन्याला कंपनीच्या नोटीस बोर्डावर लागेल आणि त्याची प्रत संघटनेला मिळेल. ठेकेदारानं पैसे बुडवले तर अंतिम जबाबदारी मूळ कंपनीची असते, हे तुम्हाला माहीत आहे. ते चलन तुमच्या हातात असलं की माझ्यासारख्याच्या गाळ्यापुढची रांग निम्मी होईल. ठेकेदार बदलला तरी कामगार आणि त्याची सेवा तीच राहील, असं एक कलम मागा. सेफ्टी कमिटीत कंत्राटी कामगारांचा एक माणूस मागा, म्हणजे बिघडलेल्या सेन्सरची तक्रार करायला कुणीतरी असेल. कँटीन आणि बस दोघांना एकच. वर्गणी कमी ठेवा, पण फुकट सभासद करू नका, कारण पावतीचे पैसे दिलेला माणूस सभेला येतो. आणि सभा हिंदीतही घ्या. निदान नोटीस तरी हिंदीत लावा.

हे होत नाही तोवर काय होतं, तेही लिहितो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज एमआयडीसीतल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. रात्री कारखान्यातच झोपलेले सहा कामगार गेले. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात १७ जण जळाले, त्यांत १५ बाया होत्या. ८ मे २०२० ला जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले कामगार लॉकडाऊनमध्ये गावी निघाले, रुळांवरून चालत करमाडजवळ आले, थकून तिथंच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली पोरं होती ती. कारखाना बंद असतानाच्या काळातला पगार आणि राहण्या-जेवणाची सोय त्यांच्यासाठी कुणी मागितली असती तर ते रुळांवर गेले असते का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. रात्री कारखान्याला कुलूप लावून आत माणसं झोपवू नका, हे ठणकावून सांगायला बाहेर कुणीतरी लागतं. आतली माणसं ते सांगू शकत नाहीत, त्यांचं अंथरूण तिथंच असतं.

तुमच्यातल्या काहींनी हे काम सुरूही केलेलं आहे, हे मला माहीत आहे. कंत्राटींना दिवाळीचा बोनस मिळावा म्हणून कराराच्या टेबलावरून उठून गेलेले अध्यक्ष या पट्ट्यात आहेत. एका कंपनीत ब्रेकवर पाठवलेली पोरं परत घ्यावीत म्हणून कायम कामगारांनी काळ्या फिती लावून काम केलं. त्यांची नावं त्यांच्या परवानगीशिवाय इथं देत नाही. बाकीच्यांनी त्यांच्याशी बोलावं, त्यांना काय अडचण आली ते विचारावं, एवढीच विनंती.

येत्या काही महिन्यांत पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांच्या कराराची मुदत संपते आहे. ज्यांचं मागणीपत्र अजून गेलेलं नाही, त्यांनी ते पाठवण्याआधी आपल्या कंपनीतल्या कंत्राटी आणि फिक्स टर्म कामगारांची यादी करावी: नाव, गाव, ठेकेदार, पहिल्यांदा गेटमधून आत आल्याची तारीख, यूएएन आणि ईएसआयचा नंबर. यादी करायला माणूस कमी पडला तर मी येतो. रविवारी माझा गाळा बंद असतो. ज्यांचे नंबर सापडणार नाहीत त्यांचे मी शोधून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला,
चाकण परिसरात पीएफ-ईएसआयचे अर्ज भरून देणारा एक जुना कंत्राटी कामगार